नऊशे पासष्टची दरी

मामांनी सहासष्टाव्या वर्षी लग्न केलं, त्या वर्षाची ही गोष्ट.

लग्नाला जे नातेवाईक आले त्यांतले निम्मे हसायला आले होते आणि निम्मे रुसायला. मावशीने तर सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, इतकी वर्षं एकट्याने काढलीस, आता शेवटच्या पानावर हे काय सुचलं?" मामा म्हणाले, "शेवटचं पान आहे हे तुला कोणी सांगितलं? पुस्तक तू बांधलंस का?" मावशी निमूट जेवायला बसली.

मनापासून खूश होती ती एकटी भाची. ती बत्तीस वर्षांची. आधी बटणांच्या कारखान्यात मोजणीला होती, आणि गेली सहा वर्षं मामांच्या प्रयोगशाळेत. शिक्षण बेताचंच, पण हात असा की मामा म्हणायचे, "हिच्या हातून थेंबसुद्धा विचारून पडतो." त्यांनी तिचं नाव बटण ठेवलं होतं. पुढे घरात, दारात सगळेच तिला बटण म्हणायला लागले.

प्रयोगशाळा चार खोल्यांची. पूर्वी तिथे छापखाना होता. अक्षरांचे खिळे ठेवायच्या उथळ खणांत आता काचेची बुचं, रबरी नळ्या, चिमटे असलं सामान असायचं. मागच्या खोलीत जाळीच्या पेटीत पतंग पाळले होते, करड्या रंगाचे, नखाएवढे. याच पतंगांच्या अळ्या सफरचंदं पोखरतात. आणि नव्या मामीची गाठ मामांशी पडली ती याच पतंगांपायी.

मामी बागवाली. पहिला नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. टेकडीच्या उतारावर तिच्या मधमाश्यांच्या साठ पेट्या होत्या. दरवर्षी पतंग उडायला लागले की बागसंघ झाडांवर विष फवारायचा. अळ्या मरायच्या, पण त्यांच्याबरोबर माश्याही मरायच्या. मामी सकाळी झाडू घेऊन पेट्यांसमोरचा काळा सडा लोटून काढायची. एके दिवशी तिने काडेपेटीत मूठभर मेलेल्या माश्या भरल्या, प्रयोगशाळेत आली आणि मामांच्या टेबलावर ती पेटी उपडी केली. "तुम्ही रसायनवाले ना? हे रसायनानेच झालंय. आता रसायनानेच थांबवा." मामा म्हणायचे, "मागणी घालायची ही पद्धत मी पहिल्यांदाच पाहिली."

उपाय मामांना माहीत होता. मादी पतंगाच्या अंगाला एक वास असतो. त्याच्या मागावर नर अंधारातसुद्धा बरोबर पोचतो. तोच वास माणसाने तयार करून झाडाझाडावर टांगला, की सगळी बागच मादी होऊन बसते. नर वेड्यासारखा फिरतो, खरी मादी त्याला सापडत नाही, अंडी पडत नाहीत, अळी होत नाही. विषाचा एक थेंब लागत नाही.

संघाचा सेक्रेटरी हा उंच, वाळका, चेष्टेखोर माणूस. मामीच्या भिडेखातर तो कसाबसा तयार झाला. "एक वर्ष देतो. पहिला पतंग उडेल त्या दिवशी तुमचं अत्तर झाडांवर पाहिजे. नसलं, तर त्याच सकाळी फवारा सुटेल. मग मला वहिनी-बिहिनी काही ठाऊक नाही." या वर्षीही फवारा झाला तर उरलेल्या पेट्याही बसतील, हे मामीने घरात बोलून दाखवलं नव्हतं. पण साठातल्या एकवीसच जिवंत होत्या, आणि एकवीस मोजायला शाळा लागत नाही.

लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच मामांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "जिना नको, राग नको, आनंदसुद्धा बेताने." मामा म्हणाले, "आनंद बेतानेच घ्यायचा असता तर लग्न कशाला केलं असतं?" पण पाय सुजले तसे ते प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, पतंगांशेजारी टाकलेल्या पलंगावर टेकले, आणि सगळं काम बटणच्या अंगावर आलं.

आता काम काय होतं ते समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

त्या वासाचा रेणू म्हणजे एक लांब साखळी. तिच्या मध्यावर एके ठिकाणी दुहेरी बंध. एकेरी बंध खिळ्यावरच्या फळीसारखा गरगर फिरतो. दुहेरी बंध दोन खिळ्यांनी ठोकलेला, तो हलत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना साखळीच्या शेपट्या असतात. त्या दोन्ही एकाच अंगाला असल्या तर रेणू होडीसारखा वाकतो. विरुद्ध अंगांना असल्या तर काठीसारखा सरळ राहतो. वजन तेच, अणू तेवढेच. पण नर पतंगाला वाकडाच लागतो. सरळ पुढे केला तर तो ढुंकूनही बघत नाही.

हा वाकडा बंध जमवण्याची मामांची रीत अशी. आधी असा रेणू करायचा, की ज्याच्या मधल्या दोन कार्बनांपैकी एकावर सिलिकॉन बसलाय आणि दुसऱ्यावर ऑक्सिजन. मग पोटॅशियम हायड्राइड नावाची भयंकर भुकटी घालायची. ती ऑक्सिजनला चेतवते, तो शेजारच्या सिलिकॉनचा हात धरतो आणि दोघं एकदम निघून जातात. त्यांच्या मागे जो राहतो तो दुहेरी बंध. तो वाकडा होणार की सरळ, हे आधीच ठरलेलं असतं, ऑक्सिजन कार्बनच्या कोणत्या अंगाला बसलाय त्यावर. म्हणून कच्च्या मालाच्या दोन बरण्या असायच्या, एकीला निळा दोरा, दुसरीला पिवळा. एकीतून एका बैठकीचा रेणू होतो, दुसरीतून दुसऱ्या.

कोणती बरणी घ्यायची हे मामा कागदावर बघत नसत. फळीवर लाकडी मण्यांचा एक नमुना ठेवलेला होता. मधले दोन काळे मणी कार्बन, हिरवा सिलिकॉन, लाल ऑक्सिजन, पांढरे दोन हायड्रोजन, आणि लोकरीच्या दोन शेपट्या. "कागद खोटं बोलतो, कारण तो सपाट असतो," मामा म्हणायचे. "नमुन्याला विचारा." बटणने हिवाळ्यात नमुन्याला विचारलं. नमुन्याने पिवळी बरणी सांगितली. चार महिने खपून तिने पिवळ्या बरणीतून दोन किलो माल तयार केला, अगदी शुद्ध, काचेसारखा.

आता शेवटची पायरी राहिली होती. पतंगांच्या पेटीतले कोष काळे पडायला लागले होते. मामांनी पलंगावरून भिंग लावून बघितलं आणि सांगितलं, "अकरा दिवस, मग पहिला पतंग उडेल."

बटणने त्या सकाळी फक्त दहा ग्रॅम माल घेतला, वानगीदाखल. भुकटी पडली, बुडबुडे आले, तासाभरात सगळं शांत झालं. तिने माल धुतला, सुकवला आणि त्याचा एक थेंब यंत्राच्या दोन चकत्यांमध्ये दाबला. हे यंत्र जुनं होतं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ते थेंबातून सोडायचं आणि त्याची पेन कागदावर डोंगर-दऱ्या काढायची. प्रत्येक बंधाची दरी ठरलेली. सरळ दुहेरी बंधाची दरी नऊशे पासष्टच्या खुणेवर. वाकड्याची तिथे नसते. बटणला दुसरं काही वाचता आलं नसतं तरी चाललं असतं, नऊशे पासष्ट कोरं असलं की झालं.

पेन मोठ्या आकड्यांकडून लहानांकडे सरकत आली. हजार ओलांडलं. आणि नऊशे पासष्टवर अशी खोल उतरली, की कागद फाटतो की काय असं वाटलं.

"हे काय गं बाई," बटण यंत्राला म्हणाली.

आपलंच काही चुकलं असेल, असं तिला वाटलं. भुकटी जुनी असेल, हवा लागली असेल. दुसऱ्या दिवशी नवा डबा फोडला, नवे दहा ग्रॅम घेतले. पुन्हा तीच दरी, तशीच काळीभोर. मागच्या खोलीतून मामांनी हाक मारली, "बटण! दरी दिसते का गं?"

"पेनची शाई सुकलीये मामा. उद्या बघते."

सहा वर्षांत मामांशी बोललेलं हे तिचं पहिलं खोटं. डॉक्टरांनी राग नको म्हटलं होतं आणि ही बातमी रागावण्याजोगीच होती. 

तिसऱ्या दिवशी मामी चहा घेऊन आली. बटण स्टुलावर बसली होती, हातात लाकडी नमुना, त्याला फिरवून फिरवून बघत होती. शेजारी दोन्ही कागद पसरलेले.

"त्याला अंघोळ घालायची आहे का?" मामी म्हणाली. "मी लग्न होऊन आल्या आल्या घातली होती. काय धूळ ती! दोन मणी तर गळूनच पडले होते, मी बसवले परत."

बटणचा हात थांबला. "कोणते दोन?"

"हा लाल, आणि त्याच्या शेजारचा पांढरा. दोन भोकं होती, दोन मणी होते. त्यात काय मोठंसं?"

बटणने चहा बाजूला ठेवला. उठून तिने मामांची जुनी वही काढली. ती या घरात शेवटच्या उपायाला उघडायची वस्तू होती. पानं उलटली, चित्र सापडलं. वहीतला लाल जिथे होता तिथे नमुन्यात पांढरा होता. वहीतला पांढरा जिथे, तिथे लाल. दोन मण्यांची अदलाबदल, बस एवढंच. पण एवढ्याने रेणूची बैठक बदलते, बैठक बदलली की बरणी बदलते, आणि बरणी बदलली की चार महिने पाण्यात जातात. निळ्या दोऱ्याची घ्यायला हवी होती. तिने घेतली पिवळ्याची.

मामीला रसायन कळत नव्हतं, पण चेहरा कळत होता. "पोरी, माझ्या हातून झालं का काही?"

"नाही मामी. मी वही बघायला हवी होती."

"सरळ सांग."

बटणने सांगितलं. मामी ऐकत ऐकत बाकावर बसली. तिने स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "माझ्याच माश्या, आणि माझंच फडकं."

"मामांना नका सांगू. त्यांना सोसणार नाही."

"हे बघ," मामी ताडकन म्हणाली, "एकसष्टाव्या वर्षी लग्न केलं ते त्या माणसाशी खोटं बोलायला नाही केलं. मी सांगणार. माझ्या तोंडाने सांगणार."

"मग एक तास थांबा. एकच. मला विचार करू दे."

"विचाराने मणी मागे जाणार आहेत का?"

"माहीत नाही. पण थांबा."

मामी थांबली. बाकावर बसून चहाचा कप नुसता फिरवत राहिली. बटणने नमुना पुन्हा हातात घेतला. बटणांच्या कारखान्यात असताना तिला एक सवय लागली होती. डोक्याला काही सुचेना झालं की ती बोटांना काम द्यायची. तिने लाल आणि हिरवा मणी एका अंगाला आणले, शेजारी शेजारी, हात धरता येईल असे. लोकरीच्या शेपट्या बघितल्या. एक इकडे, एक तिकडे. सरळ. बरोबर, म्हणूनच ती दरी. दोन काळ्या मण्यांना जोडणारी मधली काडी थोडी फिरवली. पुन्हा थोडी. नमुना वेडावाकडा झाला. ती फिरवतच राहिली. अर्धं वर्तुळ झालं तेव्हा लाल मणी हिरव्याच्या बरोबर विरुद्ध अंगाला गेला होता, एक वर, एक खाली.

आणि शेपट्या?

तिने डोळे बारीक केले. नमुना उजेडाकडे धरला. शेपट्या दोन्ही एकाच अंगाला लोंबत होत्या.

"मामी," ती म्हणाली.  "मामी, हे धरा. इथे. दोन्ही हातांनी. हलवू नका, शपथ आहे."

"आता मी याला हातच लावणार नाही!"

"धरा हो! हा हिरवा आणि हा लाल, दोघं एका बाजूने निघून गेले, तर माल सरळ होतो. पण समजा एक वरून गेला आणि एक खालून. हा पुढच्या दाराने आणि तो मागच्या. तर बघा, शेपट्या कुठे आहेत?"

मामीने वाकून बघितलं. "एकाच बाजूला आहेत."

"म्हणजे वाकडा! आपल्याला पाहिजे तो! मामी, माल वाया गेलेला नाही. माल चांगला आहे. आपण त्याला चुकीच्या दाराने बाहेर काढतोय!"

"मग मागच्या दाराने काढ की."

बटण वहीची पानं उलटत म्हणाली, "ते कसं काढायचं ते मला माहीत नाही."

"ज्याला माहीत असेल तो आत पलंगावर पडलाय," मामी म्हणाली आणि उठली. "चल. तास भरायला अजून चाळीस मिनिटं आहेत, ती त्याला देऊ."

मामा उशांना टेकून कोषांकडे भिंगातून बघत होते. दोघी एकदम दारात आलेल्या बघून त्यांनी भिंग खाली ठेवलं. "एकदम दोघी? मी मेलो की काय?"

मामीने सांगायला सुरुवात केली. फडकं, धूळ, लाल, पांढरा. एकही शब्द तिने गिळला नाही. मामांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा, आणि बटणला वाटलं, झालं, आता डॉक्टरांना बोलवावं लागणार. तिने मध्येच तोंड घातलं. "पण मामा, ते दोघं विरुद्ध अंगांनी गेले तर? तसं काही असतं का? एक वरून आणि एक—"

मामा उठून बसले. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. नमुना फिरवून बघितला."

"तू फिरवून बघितलास." मामांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ते पतंगांकडे पाहायचे. मग एकदम ओरडले, "तीन दिवस! अगं बटणे, तीन दिवस तुझ्या हातात किल्ली होती आणि तू कुलपासमोर रडत बसलीस! मला विचारायचं नाही?"

"डॉक्टरांनी राग नको सांगितलाय," मामी म्हणाली.

"हा राग नाहीये! ॲसिड गं, ॲसिड! साधं सल्फ्युरिक ॲसिड!"

त्यांनी पांघरूण फेकलं, पाय खाली सोडले. बटणचे आणि मामीचे हात धरून त्यांनी दोघींना पलंगासमोर उभं केलं. "बघा. बटण, तू ऑक्सिजन. बाईसाहेब, तुम्ही सिलिकॉन. भुकटी घातली की काय होतं? ऑक्सिजन सिलिकॉनचा हात धरून तिला घेऊन जातो. हात धरून न्यायचं तर शेजारी उभं राहावं लागतं. राहा, राहा शेजारी. हे तुम्ही दोनदा केलंत. आता ॲसिड घाला. ॲसिडात ऑक्सिजनला आणखी एक हायड्रोजन चिकटतो आणि त्याचं पाणी होतं. पाण्याला कुणाचा हात धरायचा नसतो, त्याला नुसतं निघून जायचं असतं. त्याला फक्त एक धक्का लागतो. आणि ढकलणारा कुठे उभा राहतो?"

"पाठीमागे," मामी म्हणाली, आणि तिने बटणला पाठीमागून असं ढकललं की ती दारावर जाऊन आदळली.

"शाबास!" मामा म्हणाले. "बरोबर पाठीमागे. तिरका उभा राहिला तर धक्का नीट बसत नाही. म्हणून सिलिकॉन विरुद्ध अंगालाच असावा लागतो. काडी एकेरी आहे, ती आपोआप फिरते. रेणू सारखे फिरतच असतात. ज्या क्षणी समोरासमोर येतात त्या क्षणी काम होतं."

"इतकं सोपं होतं तर मला आधी का नाही शिकवलं?" बटण कपाळ चोळत म्हणाली.

"कारण ॲसिड लबाड आहे. काम झाल्यावर ते तिथेच घुटमळतं. जास्त वेळ ठेवलं, गरम होऊ दिलं, तर झालेला दुहेरी बंध साखळीवरून पुढे सरकवतं. मग ना वाकडा ना सरळ, नुसती खिचडी. भुकटी भडक डोक्याची, पण प्रामाणिक. ॲसिडावर पहारा ठेवावा लागतो." त्यांनी चपला शोधल्या. "खुर्ची आणा. मी पहाऱ्याला बसतो."

 मामीने खुर्ची आणली, वर घोंगडी आणली, आणि गोळ्यांची डबी खुर्चीच्या हातावर ठेवली.

दहा ग्रॅम माल बर्फात ठेवला. ॲसिड थेंब थेंब.  मामा मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून बसले. तीन तास कुणी उठलं नाही. मामीने एकदा विचारलं, "आत काय चाललंय ते दिसतं का?" मामा म्हणाले, "नाही. लग्नासारखंच आहे. बाहेरून शांत." वेळ झाली तसे ते गरजले, "सोडा!" बटणने सोड्याचं पाणी ओतलं. फेस उसळून भांड्याच्या गळ्यापर्यंत आला, ती काच धरून उभी राहिली, आणि तो हळूहळू खाली बसला.

माल धुतला, सुकवला. थेंब चकत्यांमध्ये. यंत्र सुरू केलं. पेन निघाली.

तिघं कागदावर वाकली. हजार आलं. मामांनी मामीचा दंड धरला. नऊशे नव्वद. नऊशे ऐंशी. पेन सपाट रस्त्यावरून चालल्यासारखी पुढे येत होती. नऊशे सत्तर. नऊशे पासष्टवर तिने एक एवढासा खड्डा घेतला, नखाने ओरखडा काढावा तेवढा, आणि पुढे निघून गेली. मग सातशेच्या आसपास, जिथे वाकड्या बंधाची जागा, तिथे रुंद, ऐसपैस उतार काढला.

"गेली दरी," बटण म्हणाली. मग ओरडली, "मामा, गेली! दरी गेली!" आणि तिने काय करावं हे न सुचून मामीला उचललं. मामी काही हलकी नव्हती.

"खाली ठेव, काच आहे सगळीकडे!" मामा ओरडत होते आणि डोळे पुसत होते. "तो ओरखडा शंभरात तीन-चारचा आहे. तेवढा चालतो का ते पतंगांना विचारावं लागेल. माझ्या म्हणण्याला अर्थ नाही."

पतंगांना विचारण्याची रीत सोपी. मागच्या मोसमातल्या कोषांतले काही मामांनी उबेला ठेवून आधीच फोडले होते, म्हणून पेटीत दहा-बारा नर होते. वासाच्या टोकाला अजून एक लहानशी जोडणी करायची असते, व्हिनेगरच्या कुळातली. ती बटणने दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मालांना केली, दरीवाल्या आणि बिनदरीच्या. आधी दरीवाल्याचा कागद पेटीत सोडला. नर पतंग कंटाळवाण्या भाषणाला बसल्यासारखे बसून राहिले. एकाने मिशी झटकली, एवढंच. मग दुसरा कागद.

एक क्षण काहीच झालं नाही.  मग कोपऱ्यातल्या एकाचे पंख थरथरायला लागले. दुसऱ्याचे. तिसरा शेपूट उचलून चालायला लागला, चालता चालता धावला. बघता बघता सगळे नर कागदावर तुटून पडले, एकमेकांना ढकलत, पंखांचा भुर्र आवाज करत. पेटीची जाळी थरथरत होती.

मामी बघतच राहिली. "पुरुषाची जात," ती म्हणाली.

"मी तर काडेपेटीवर भाळलो होतो," मामा म्हणाले.

सात दिवस उरले होते. दोन किलो मालाचे चार भाग केले. कारण मोठ्या भांड्यात पोटातली ऊब बाहेर पडत नाही आणि ॲसिडाला तेवढंच निमित्त हवं असतं. दिवसाला दोन भाग, सकाळी एक, दुपारी एक. मामा खुर्चीत घड्याळ घेऊन, बटण भांड्याशी, आणि मामी बर्फ फोडायला. तिसऱ्या भागाला तापमान एकदम चार अंश चढलं. बटणने ॲसिड थांबवलं, मामीने बर्फाची अख्खी लादी टबात लोटली, पाणी उडून तिघंही भिजली, आणि काटा खाली आला. मामा म्हणाले, "बाईसाहेब, उद्यापासून तुम्ही इथेच कामाला लागा. धुळीचं मात्र काही करायचं नाही." मामी पहिल्यांदाच त्या गोष्टीवर हसली. त्याआधी दोन दिवस ती कोणत्याही फळीजवळून जाताना हात पाठीशी बांधायची.

चारही भागांचे कागद बटणने भिंतीवर लावले. चारांतही नऊशे पासष्ट जवळजवळ कोरं. पुढे टोकाची जोडणी, मग गाळप, मग रबराच्या बारीक नळ्यांमध्ये माल भरणं. नळ्या भरायला मावशीसुद्धा आली. तिने नाकाला रुमाल बांधला होता. "याला तर काहीच वास नाही," ती निराश होऊन म्हणाली. "तू पतंग नाहीस म्हणून," मामा म्हणाले.

दहाव्या दिवशी सकाळी बटण, मामी आणि संघाची सहा माणसं शिड्या घेऊन बागेत शिरली. सेक्रेटरी फवाऱ्याचं यंत्र तेल घालून तयार ठेवून आला होता. "अत्तर आलं म्हणायचं," तो म्हणाला. त्याने एक नळी हुंगून बघितली. "फसवत तर नाही ना?"

"आम्ही पतंगांना फसवतोय," बटण म्हणाली. "तुम्ही उगाच मध्ये येऊ नका."

संध्याकाळपर्यंत शेवटच्या झाडावर नळी बांधून झाली. बटण शिडीवरून उतरली तेव्हा तिची बोटं वळत नव्हती. दुसऱ्या दिवशी पेटीतला, उबेला न ठेवलेला पहिला कोष फुटला. मामांचा हिशोब एका दिवसानेही चुकला नाही.

फवारा सुटला नाही. पहिला आठवडा सेक्रेटरी रोज येऊन झाडाखाली उभा राहायचा आणि म्हणायचा, "पतंग तर उडतायत की." बटण म्हणायची, "उडू देत. भेटत नाहीयेत ना." तो मान हलवत परत जायचा. पण त्याने यंत्राला हात लावला नाही. माणूस चेष्टेखोर होता, पण शब्दाचा पक्का. फळं सुपारीएवढी झाली, मग लिंबाएवढी. मामीच्या पेट्यांसमोरची जमीन स्वच्छ राहिली. एकवीस पेट्यांच्या एकोणतीस झाल्या. फुटून निघालेली मोहोळं तिने स्वतः फांदीवरून उतरवून नव्या पेट्यांत बसवली.

फळं उतरवायच्या दिवशी सेक्रेटरीने खिशातून चाकू काढला. कुठल्याही झाडाची, कुठल्याही टोपलीतली शंभर सफरचंदं त्याने स्वतः निवडली आणि एकेक चिरत गेला. मामांना खुर्चीसकट ट्रकमधून बागेत आणलं होतं. पन्नासापर्यंत अळी निघाली नाही. एकावन्नाव्यात निघाली. मग थेट चौऱ्याऐंशीव्यात. शंभर झाली तेव्हा सेक्रेटरीने चाकू पुसला.

"दोन," तो म्हणाला. "गेल्या साली फवारून नऊ होत्या."

"मग?" मामी म्हणाली.

"मग काय वहिनी. फवाऱ्याचं यंत्र विकायला काढतो. कुणी गिऱ्हाईक असलं तर सांगा." त्याने एक फोड कापून मामांच्या हातात दिली. "खा, मास्तर. हे चाललं कसं ते मला एकदा समजावून सांगाल का?"

मामांनी फोड खाल्ली. मग बटणकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. नमुना हिने फिरवला." आणि तिला म्हणाले, "सांग त्यांना. उभं करून सांग. पण जरा जपून ढकल."

बटणने सेक्रेटरीला झाडाशी उभं केलं आणि ती त्याच्या पाठीमागे गेली.

मामा त्याच वर्षी, फळं उतरवून झाल्यावर नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसल्या जागी गेले. त्यांना सदुसष्ट पूर्ण व्हायला पाच आठवडे बाकी होते.